चारचा भोंगा

चूक पहिल्याच दिवशी झाली आणि ती रत्नमालेनं केली. तेव्हा ती चूक वाटलीही नाही. नवऱ्याला चप्पल चावायला लागली तर बायको आपली सैल चप्पल त्याच्यापुढं सरकवते, तितकंच.

दवाखान्यातनं दोन डब्या आल्या होत्या. निळी पेशंटची, पांढरी त्याची काळजी घेणाऱ्याची. प्रत्येक डबीत एक अंगठी आणि कानात घालायचा एक मणी. अंगठ्या मापाच्या होत्या, त्यांची अदलाबदल होणं शक्यच नव्हतं. पण निळ्या डबीतला मणी निघाला उजव्या कानाच्या वळणाचा, आणि विष्णू मुठाण्याचा उजवा कान यंत्रमागांनी केव्हाच खाल्ला होता.

विष्णू जॉबर म्हणूनच इचलकरंजी त्याला ओळखायची. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालता करणारा. शेडमध्ये शंभर माग एकदम खडखडत असताना सातव्या ओळीतल्या तिसऱ्या मागाचा आडवं सूत नेणारा धोटा अडकतोय, हे तो दारातनं सांगायचा. ते ऐकता ऐकताच एक कान गेला. पुढं धोट्याचे माग भंगारात गेले, आपला बिघाड आपणच सांगणारे नवे माग आले, आणि विष्णूनं सांगावं असं काही राहिलं नाही. सूतगिरणीतही आता माणसं थोडी आणि यंत्रं जास्त होती. तिचा भोंगा मात्र गावानं हट्टानं ठेवला होता. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा.

"ह्यात काय ऐकू येईना," मणी कानात दाबत विष्णू म्हणाला.

"बहिऱ्या कानात कसं येईल? माझा डावा हाय, तो घ्या. आणा तुमचा हिकडं."

कान तो कान. दवाखान्याला कळवावं असं तिच्या मनातही आलं नाही. शिकलेल्या माणसांना एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा!

यंत्र आलं ते विष्णूच्या रागापायी. दिवाळीत नळाची तोटी गळते म्हणून तो प्लंबरवर ओरडला आणि ओरडता ओरडताच खाली बसला. हृदयाचा झटका होता. वाचला. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रत्नमालेला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचा झटका जिन्यानं येणार नाही, मिठानं येणार नाही. रागानं येईल. आणि त्यातनं ते वाचतील असं मी म्हणणार नाही."

हे यंत्र काय करतं, ते तस्लीम मुल्लानं दोघांना समजावलं होतं. तस्लीम त्या दवाखान्यातली प्रशिक्षक. तिशीची, चुणचुणीत, समोरच्याला कळेपर्यंत न कंटाळणारी.

"काकी, टिकली लावताना आरसा लागतो ना? चेहऱ्याला आरसा आहे, आतल्या शरीराला नाही. राग चढतो तेव्हा आधी आत सगळं घडून जातं. ठोके बदलतात, तळव्याला घाम येतो, श्वास वर चढतो. आपल्याला कळतं ते तोंडातनं शब्द गेल्यावर. ही अंगठी ते सगळं मोजते. निरोगी हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही बरं का. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूतनं हृदयाकडं एक लांब नस उतरते, ती लगाम सैल-घट्ट करत असते. माणूस ताणला की तो लगाम सुटतो आणि ही झुलती लय मोडते. तुम्ही जिना चढलात, कपडे धुतलेत, तर तेवढा फरक यंत्र वजा करतं. उरतो तो मनाचा. तो कानातल्या मण्यात आवाज होऊन येतो. मन थाऱ्यावर असलं की सरळ टक्-टक्. बिघडलं की आवाज तुटतो, खरखरतो."

"आणि मग?" विष्णूनं विचारलं.

"मग काही नाही, काका. तुटला की तो सरळ करायचा. कसा, ते तुमचं शरीर आपोआप शोधतं. सायकल शिकताना तोल कसा सांभाळायचा ते कुणी सांगत नाही, पडता पडता कळतं. तसंच. आठ-दहा महिन्यांनी मणी काढला तरी शरीर विसरत नाही."

त्या दिवशी आवाज स्पीकरवर ऐकवला होता, म्हणून कानाचा प्रश्न निघालाच नाही. विष्णूनं मान तिरकी करून तो ऐकला. त्याच्या चेहऱ्यावर रत्नमालेला कितीतरी वर्षांनी शेडमधला माणूस दिसला.

"धोटा अडकल्यागत वाजतंय," तो म्हणाला. "मला जमंल हे."

आणि जमलंही. आठ महिन्यांत घरात एकदाही भांडं फेकलं गेलं नाही. मुठाण्यांच्या घरात स्टीलची बारा ताटं होती. त्यातल्या नऊ ताटांना पोचे होते आणि कुठला पोचा कुठल्या सणाचा, हे रत्नमालेला पाठ होतं. हात त्यानं तीस वर्षांत दोनदाच उचलला. लोक ह्याला चांगला नवरा म्हणतात. बाकीचं सगळं ताटांनी सोसलं.

रत्नमालाही शिकत होती. कानातला आवाज तुटू लागला की तिला कळायचं, आता चहा टाकावा, म्हणजे सरळ होतो. आपण बोलत असलो तर गप्प व्हावं, म्हणजे सरळ होतो. बहिणीचा विषय काढू नये, खोकल्याचं विचारू नये, पेपर वाचताना समोरनं जाऊ नये. हे सगळं केलं की आवाज कसा रेशमाच्या धाग्यासारखा यायचा. एक मात्र तिला नवल वाटायचं. कधी कधी ती आतनं चुलीसारखी धगधगत असायची आणि कानात मात्र सरळ टक्-टक्. तिनं त्याचा अर्थ असा लावला की तीस वर्षं गिळून गिळून आपलं काळीजसुद्धा आता खोटं बोलायला शिकलं.

आठव्या महिन्याची तपासणी बुधवारी होती. बसमध्ये विष्णूनं खिशातनं एक छोटी वही काढून तिच्या हातात दिली. शेडमध्ये असताना तो असली वही ठेवायचा. कुठला माग कधी बिघडला, काय केलं, कारण काय.

"मॅडमना दाखव. माझ्यानं बोलणं व्हायचं न्हाई. रोज चारला काहीतरी हुतंय मला. लपवून ठेवलं हुतं, पण आता भ्या वाटाय लागलंय."

"चारला?"

"त्यात लिवलंय सगळं."

आत आधी रत्नमालेला बोलावलं. विष्णू दाराबाहेरच्या बाकावर बसला. तस्लीमनं बर्फाच्या पाण्याची परात पुढं ठेवली.

"काकी, ह्यात हात बुडवायचा. शरीर दचकतं. किती लवकर सावरता ते बघू."

हात पाण्यात जाताच रत्नमालेच्या तोंडून "आई गं" निघालं. पडद्यावरची रेघ उसळली.

"आवाज तुटला ना? आता सावकाश सरळ करा."

"न्हाई की तुटला. सरळच येतोय."

तस्लीमनं पडद्याकडं पाहिलं, रत्नमालेकडं पाहिलं. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि विष्णूचं डोकं आत आलं. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, आत्ता तुटला बघा! नुसता बसलो हुतो. चार वाजल्याबिगर तुटला!"

तस्लीमचं लक्ष त्याच्या डाव्या कानाकडं गेलं, मग रत्नमालेच्या उजव्या.

"काका, तुम्ही जरा ईसीजी काढून या. घाबरायचं काही नाही. शेवटची खोली."

तो गेला. तस्लीमनं दार लावून घेतलं.

"काकी, मणी कधी बदलले?"

"पहिल्या दिवशीच. का हो?"

तस्लीम कपाळाला हात लावून बसली. मग हसली, मग तिचं हसू विझलं.

"मणी आपापल्या अंगठीशी बांधलेले असतात. आठ महिने तुम्ही काकांचं हृदय ऐकताय. आणि काका तुमचं."

रत्नमालेनं हात परातीतनं काढला आणि पदराला पुसत राहिली. कोरडा झाला तरी पुसत राहिली. चहा. गप्प बसणं. बहिणीचा न काढलेला विषय. आपण आपलं मन आवरतोय असं समजत होतो, आणि आवरत होतो ते त्यांचं. म्हणजे यंत्र येण्याआधी जे करत होतो तेच, फक्त जास्त नेमानं.

"हे यंत्र वापरणाऱ्या दोनशे बारा जोड्यांत तुमचे आलेख सगळ्यात चांगले आहेत," तस्लीम म्हणत होती. "दोघांचेही सुधारले, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण काकी, काकांची शांती काकांची नाही. ती तुम्ही रोज हातानं करताय. तुम्ही चार दिवस लेकीकडं गेलात तर ती कोसळेल. हे आमच्या सरांना कळलं तर म्हणतील, अशीच जोडणी ठेवा, फार गुणकारी आहे. उद्या मुद्दाम तशीच विकायला काढतील. घरोघरी सुनेच्या कानात सासऱ्याचं काळीज."

"ते यंत्राबिगर चालूच हाय की," रत्नमाला म्हणाली.

तस्लीमनं पडदा रत्नमालेकडं वळवला. "एक राहिलंच. तुमच्या आलेखात रोज एक खड्डा दिसतो. आम्ही म्हणायचो, काकींची चहाची वेळ टळते वाटतं. बघा, दुपारी चार वाजता."

मणी तिथंच बदलून द्यायला तस्लीम तयार होती. रत्नमालेनं एक दिवस मागून घेतला. "मी सांगते त्यांना. तुम्ही सांगितलंत तर त्यांना यंत्राचा बिघाड वाटंल."

"जपून सांगा. त्यांचं हृदय..."

"ते मला म्हायती हाय. माझ्याच कानात हाय ते."

बाहेर येऊन बाकावर बसून तिनं वही उघडली. जॉबरचं अक्षर, ठोकळ्यासारखं.

'टीव्ही मोठा. आवाज तुटला. बारीक केला. सरळ.'

'भाजीत मीठ कमी म्हणालो. तुटला. परत म्हणून बघितलं. परत तुटला. मिठाचं बोलणं बंद.'

'ती आधी जेवली, मी मागनं. लई सरळ. कारण कळंना. पण रोज तसंच करायचं.'

'तिच्या बहिणीला फोन लावून दिला. दोन तास सरळ.'

रत्नमालेनं त्या ओळीवरनं बोट फिरवलं. हा माणूस आठ महिने तिचं मन खोलून, पुसून, पुन्हा बसवत होता. आधी जेव म्हणाला तेव्हा तिनं डोळे वटारून बघितलं होतं, ह्यांना ताप-बीप आलाय का म्हणून. पण बोट तिथंच थांबलं. कारण त्याला वाटत होतं, हे काळीज आपलं आहे. दुसऱ्याचं आहे असं कळलं असतं तर एवढी वही भरली असती का?

आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी तीच ओळ.

'४ वा. भोंगा. आवाज तुटला. ११ मिनिटं. कारण?'

'४ वा. भोंगा. कानात कापूस घातला. तरी तुटला. कारण?'

'४ वा. खिडक्या लावल्या. देवाचं नाव घेतलं. तुटला. कारण सापडत नाही.'

घरी पोचायला साडेतीन वाजले. रत्नमालेनं त्याच्यापुढं ताटात चिवडा ठेवला. पाडव्याच्या पोच्याचं ताट. पावणेचारला तो उठून खिडक्या लावू लागला.

"राहू द्यात उघड्या. बसा."

"मॅडम काय म्हणाल्या? सांग. ऑपरेशन असंल तर तसं सांग."

"तुमच्या काळजाला चारला काय हुत न्हाई." तिनं पदर सारखा केला. "आपण मणी बदलले हुते, ध्यानात हाय? त्याचा घोळ झाला. तुमच्या कानात माझं काळीज वाजतंय आणि माझ्या कानात तुमचं. आठ महिने."

विष्णू आधी हसला. "म्हंजे मी तुझा माग दुरुस्त कराय लागलो हुतो?" मग हसता हसता थांबला. जॉबर माणूस, डोक्यात वहीची पानं उलटू लागली असणार.

"मिठाचं?"

"माझं."

"आधी जेवायचं?"

"माझं."

"आणि..."

भोंगा झाला.

उघड्या खिडक्यांतनं तो आत आला. लांबलचक, घोगरा, वर चढून मग खाली उतरणारा. विष्णूचा हात कानाकडं गेला. त्याच्या कानात काय मोडत असेल ते रत्नमालेला ऐकू येत नव्हतं, पण ते तिच्या आतलंच होतं. तो तिच्याकडं बघत राहिला. ती नुसती बसली होती. हात मांडीवर. चेहऱ्यावर काही नाही; तीस वर्षांत चेहऱ्यावर काही ठेवायचं नाही हे ती शिकली होती.

"हे तुझं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही शेडमधनं चारला सुटायचा. भोंगा झाला की मी गॅस बारीक करायची. पोरगी दप्तर घेऊन पलंगाखाली जायची. दहा मिन्टांत फाटक वाजायचं. कसं वाजतंय त्यावरनं कळायचं आज कुठलं ताट जाणार."

"पर मी आता घरातच हाय की! आठ महिने मी आवाज चढवला का?"

"न्हाई चढवला. मला ठाऊक हाय." तिनं छातीवर हात ठेवला. "ह्याला ठाऊक न्हाई."

आणि मग तिच्या कानातला आवाज तुटला. असा ह्यापूर्वी कधी तुटला नव्हता. टक्-टक् नव्हतंच, नुसती खरखर, लोखंडावर लोखंड. विष्णू ताट घेऊन उठला. मानेची शीर फुगली होती. रत्नमालेला चाळीस उपाय ठाऊक होते. चहा टाकते म्हणावं. जाऊ द्या म्हणावं. मीच काहीतरी बोलून गेले, मनावर घेऊ नका म्हणावं. त्यातला एकही उपाय चुकला नसता. डॉक्टरांचं बोलणं तिला आठवत होतं. हा माणूस आत्ता तिच्यासमोर कोसळला तर ती जन्मभर त्या गप्प बसण्याचं ओझं वाहणार होती, हेही तिला कळत होतं. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले आणि काही केलं नाही.

ताट त्याच्या हातात तिरकं झालं होतं. चिवडा जमिनीवर सांडत होता. मग तो वाकला, खूप हळू, गुडघ्यावर हात टेकून, आणि ताट फरशीवर ठेवलं. इतकं हळू की त्याचा आवाज झाला नाही. तो उंबऱ्यावर जाऊन बसला, तिच्याकडं पाठ करून.

खरखर चालूच होती. रत्नमाला ऐकत राहिली. पाठीमागनं त्याचे खांदे वर-खाली होताना दिसत होते. बराच वेळ गेला. मग खरखरीत कुठंतरी एक ठोका सुटा ऐकू आला. मग काही नाही. मग दोन. धोटा अडकत होता, पुन्हा सुटत होता. तिनं चहा टाकला नव्हता. तिनं शब्द काढला नव्हता. तरी हळूहळू, तुटत-सांधत, आवाज सरळ झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो त्याचा त्यानं सरळ केला होता.

विष्णूनं न वळता हात मागं केला. "वही दे."

तिनं दिली. त्यानं काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि कानातला मणी काढून सदऱ्याच्या टोकानं पुसून तिच्यापुढं धरला.

"तुझा तू घे."

वहीत काय लिहिलं ते तिनं नंतर, तो आंघोळीला गेल्यावर बघितलं. 'कारण सापडलं.' आणि खाली, खोडून पुन्हा लिहिलेलं, 'माग चालू ठेवूनच दुरुस्त करावा लागेल.'

मणी आपापल्या घरी गेले. तस्लीमनं विष्णूचा उजव्या कानाचा मणी बदलून डाव्या कानाचा दिला. पहिले काही दिवस वाईट गेले. विष्णूच्या कानात त्याचंच काळीज आलं आणि ते त्याला ओळखीचं नव्हतं. दोनदा तो ओरडला, एकदा घराबाहेर निघून गेला. रत्नमाला स्वतःचा आवाज ऐकायला शिकत होती. नवऱ्याला खोकल्याचं विचारावंसं वाटलं तर विचारत होती. बहिणीला फोन तिचा तीच लावत होती.

आठवडाभरानं एका दुपारी विष्णूनं फाटकाच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं. कडीला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. पावणेचारला चपला घालून तो बाहेर पडला. चारला भोंगा झाला तेव्हा रत्नमाला ओट्याशी होती. कानातला आवाज तुटला, रोजच्यासारखा. हात गॅसच्या बटणाकडं गेला, रोजच्यासारखा. दहा मिनिटांनी गल्लीत पावलं वाजली. फाटक वाजलं नाही. उघडल्याचं तिला नुसतं दिसलं.

तेव्हापासून तो रोज जातो. बाजूची मंडळी विचारतात, "काय जॉबर, कुठली शिफ्ट?" तो म्हणतो, "जनरल." मणी काढायची तारीख येऊन गेली तरी दोघांनी ते काढले नाहीत. तस्लीमच्या पडद्यावर अकरा मिनिटांची नऊ झाली, पुढं सात. तीस वर्षांचं शिकलेलं शरीर चार महिन्यांत विसरत नाही, असं ती म्हणते. विष्णू म्हणतो, मला काय घाई न्हाई.

काल भोंग्यानंतर तो दारात आला. चपला काढल्या, एकीवर एक न टाकता जोडून ठेवल्या. उंबऱ्याच्या अलीकडं थांबला.

"आत येऊ का?"

रत्नमालेनं आधी कानातलं ऐकलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

आणि तो थांबला.